डावा डोळा आणि हाताने चालवायचा कॅमेरा

छायाचित्रणाची आवड असलेल्या विद्यार्थ्यांच्या हाती अलीकडे पुन्हा जुने फिल्मचे कॅमेरे दिसू लागले आहेत. कोणाला ते आजोबांच्या कपाटात सापडले, कोणी जुन्या बाजारातून आणले. फिल्मचा रोळ महाग, म्हणून प्रत्येक चित्र विचार करून घ्यावे लागते आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने हे चांगलेच आहे. परंतु काही विद्यार्थ्यांच्या वाट्याला एक वेगळीच अडचण येते. कॅमेरा डोळ्याला लावला की नाक मध्ये येते, फिल्म पुढे सरकवताना लिव्हर चष्म्यावर आपटतो, आणि शेजारचा जाणकार सांगतो, "अरे, उजवा डोळा लाव!" हा सल्ला बरोबर आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रबळ डोळा म्हणजे काय?

आपण दोन डोळ्यांनी पाहतो, पण नेम धरताना मेंदू एकाच डोळ्याची साक्ष मानतो. त्या डोळ्याला प्रबळ डोळा म्हणतात. गोटीचा नेम धरताना एक डोळा आपोआप मिटतो. उघडा राहतो तो बहुधा प्रबळ डोळा. इटलीतील जांबातिस्ता देल्ला पोर्ता या विद्वानाने १५९३ मध्येच या गोष्टीची नोंद केली होती. सर्वसाधारणपणे तीन माणसांपैकी दोघांचा उजवा डोळा प्रबळ असतो आणि एकाचा डावा. येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा की, डावखुऱ्या माणसाचाच डावा डोळा प्रबळ असतो. तसे नाही, उजव्या हाताने लिहिणाऱ्या अनेकांचा डावा डोळा प्रबळ असतो. दुसरा असा की, प्रबळ डोळा म्हणजे अधिक तीक्ष्ण डोळा. तेही खरे नाही. चष्म्याचा नंबर आणि डोळ्याचे प्राबल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

परीक्षा अगदी सोपी आहे. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मध्ये एक लहान त्रिकोणी फट करावी. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दूरच्या विजेच्या खांबाचे टोक पाहावे. मग एकेक डोळा मिटावा. जो डोळा मिटल्यावर खांब फटीतून नाहीसा होतो, तो प्रबळ. एन.सी.सी.च्या छात्रांना ही गोष्ट रायफलच्या मैदानावर कळते, कारण उजव्या खांद्याला बट लावून डाव्या डोळ्याने नेम धरता येत नाही.

अडचण केव्हापासून?

स्टँडवरच्या जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात ही अडचण नव्हती. काळ्या कापडाखाली डोके घालून छायाचित्रकार काचेवरचे उलटे चित्र दोन्ही डोळ्यांनी पाहत असे. १९२९ मध्ये आलेल्या दोन भिंगांच्या रोलायफ्लेक्समध्येही कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत पाहायचे असते. वृत्तपत्र छायाचित्रणात नाव मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला, मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांचा रोलायफ्लेक्स प्रसिद्धच आहे. अशा कॅमेऱ्यात डावे-उजवे हा भेद जवळजवळ उरत नाही.

भेद सुरू झाला तो कॅमेरा डोळ्याशी आल्यावर. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याच्या वंशात पाहण्याची खिडकी मागून पाहता डाव्या कोपऱ्याकडे असते. उजवा डोळा लावणाऱ्याचा डावा डोळा मोकळा राहून आजूबाजूचे पाहू शकतो. डावा डोळा लावणाऱ्याचा मात्र सगळा चेहरा कॅमेऱ्याआड जातो. एस.एल.आर. कॅमेऱ्यात खिडकी मध्यभागी असल्याने दुसरा डोळा बहुतांशी दोघांचाही झाकतो. तेथे खरी अडचण लिव्हरची. तो उजव्या टोकाला असतो आणि फिरताना आधी मागे, म्हणजे चेहऱ्याकडे येतो. उजवा डोळा लावणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्याच्या डाव्या भागामागे असल्याने त्याला हे जाणवत नाही. डावा डोळा लावला की नेमका उजवा डोळा लिव्हरच्या वाटेत येतो.

कॅमेऱ्याची निवड

म्हणून कॅमेरा घेताना लिव्हर आणि प्रकाशमापक यांचे नाते पाहावे. निकॉन एफ.एम. (१९७७) मध्ये प्रकाशमापक चालू करण्यासाठी लिव्हर थोडा बाहेर ओढून ठेवावा लागतो, आणि तो तसाच उजव्या डोळ्यासमोर उभा राहतो. उत्तम कॅमेरा, पण डाव्या डोळ्याला जाचक. पेंटॅक्स के १००० (१९७६) मध्ये प्रकाशमापकाला वेगळे बटणच नाही. भिंगावर टोपी लावली की काम भागते. कॅनन ए.ई.-१ (१९७६) मध्ये शटरचे बटण अर्धे दाबले की माप मिळते. ऑलिंपस ओ.एम.-१ (१९७२) मध्ये शटरच्या वेगाची कडी भिंगाभोवती असल्याने ती डाव्या हाताने फिरते आणि उजवा अंगठा चेहऱ्याजवळ चाचपडत नाही. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे बनलेल्या एक्झाक्टा कॅमेऱ्यात (१९३६) तर लिव्हर आणि शटरचे बटण दोन्ही डाव्या बाजूला आहेत!

सवयी

हाती असेल तोच कॅमेरा वापरायचा असल्यास पुढील सवयी उपयोगी पडतील. चित्र घेतल्यावर कॅमेरा खाली आणता आणताच लिव्हर ओढावा. म्हणजे पुढच्या वेळी तो डोळ्याला लावताना तयार असतो. प्रकाशाचा अंदाज आधीच बांधावा. लख्ख उन्हात १०० वेगाच्या फिल्मला एफ १६ आणि सेकंदाचा १२५वा भाग हे माप चालते. मोकळ्या सावलीत तीनेक पायऱ्या अधिक प्रकाश द्यावा. अंदाज पक्का झाला की लिव्हर बाहेर ओढून मापकाकडे पाहत राहण्याची गरजच कमी होते.

उभे चित्र घेताना दोन्ही पद्धती करून पाहाव्यात. उजवा हात वर ठेवला तर लिव्हर कपाळाजवळ फिरतो. उजवा हात खाली ठेवला तर तो गालाजवळ येतो, पण उजवा डोळा कॅमेऱ्याबाहेर मोकळा राहतो आणि चौकटीत कोण शिरणार आहे ते आधी दिसते. आपल्या कर्वेनगरात सरावाला जागांची वाण नाही. राजाराम पुलावरच्या रहदारीवर दुसरी पद्धत आजमावावी. येणारी सायकल आधी उजव्या डोळ्याला दिसेल, मग डाव्या डोळ्याच्या चौकटीत येईल. कॅमेरा रिकामा ठेवून हा सराव केला तर फिल्मही वाया जात नाही.

डोळा बदलावा काय?

उजव्या डोळ्याची सवय करता येत नाही असे नाही. ज्याला लायकासारखाच कॅमेरा वापरायचा आहे, त्याने प्रयत्न जरूर करावा. पण नवशिक्याच्या मागे त्याचा धोशा लावू नये. डावखुऱ्या मुलाच्या हातावर छडी मारून त्याला उजव्या हाताने लिहायला लावण्याची रीत आपल्याकडे होती. तिने अक्षर सुधारले नाही, मुलाची लिहिण्याची गोडी मात्र घालवली. जो विद्यार्थी डोळा कोणता लावावा याच्याच विवंचनेत असतो, त्याचे समोरच्या प्रसंगाकडे लक्ष राहत नाही. आणि छायाचित्रात तर क्षण गेला की गेलाच.

यंत्र बहुसंख्यांच्या सोयीने घडते, त्यात कोणाचा दोष नाही. परंतु शिकवणाऱ्याने आधी विद्यार्थ्याचा डोळा पारखावा आणि मग कॅमेरा कसा धरायचा ते सांगावे. छापलेले चित्र पाहणाऱ्याला ते कोणत्या डोळ्याने टिपले हे कधीच कळत नाही. टिपणाऱ्याने नीट पाहिले होते की नाही, एवढेच कळते.