माळावरची शाळा आणि अँटोनिया

अमेरिकेच्या १७८५ च्या भूमापन कायद्याने प्रत्येक टाउनशिपच्या ३६ विभागांपैकी सोळावा विभाग शाळेसाठी राखून ठेवला. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने मिळणाऱ्या १६० एकरांसाठी नेब्रास्कात आलेल्या कुटुंबांनी गवताच्या मुळांसह कापलेल्या मातीच्या ढेपांनी घरे व शाळा उभारल्या. कायद्याने शाळेला जमीन दिली. मुलांना सवड देणे कुटुंबाच्या हाती राहिले. विला कॅथर यांच्या ‘माय अँटोनिया’ (१९१८) या कादंबरीत जिम अशाच शाळेत जातो. वडिलांच्या मृत्यूनंतर नांगर धरणारी बोहेमियन अँटोनिया मात्र शाळा अभिमानाने नाकारते, आणि लगेच अश्रू ढाळीत, तेथे शिकलेले मला सांग, अशी विनवणी करते. अभिमान व अश्रू दोन्ही खरे आहेत. वसाहतीचा शिक्षणेतिहास वाचताना पटाबाहेर राहिलेल्या या विद्यार्थिनीचीही नोंद घ्यावयास हवी.