बीडमध्ये समुद्र मांडायचा तर

अगं, मेसेज वाचला तुझा. 'ताई, या मे महिन्यात मी खाऱ्या पाण्याची टाकी लावते, प्रवाळासकट.' लाव की, कोण अडवतंय? बीडमध्ये कुठला समुद्र म्हणून कुणी हसलं तर हसू दे. १८५४ साली फिलिप गॉस नावाच्या माणसाने लंडनमध्ये बसून समुद्राचं पाणी घरी करायची कृती छापली होती. साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराईड आणि पोटॅशियम क्लोराईड, एवढ्या चार क्षारांत त्याने समुद्र बसवला. कॅल्शियम मात्र त्यात घातलंच नव्हतं, आणि प्रवाळाचा तर सगळा सांगाडाच कॅल्शियमचा. सांगायचं काय, समुद्रापासून लांब राहणं ही अडचण नाही. अडचण तुझ्या त्या 'मे महिन्यात' आहे. तेवढं खोड आणि जून-जुलै लिही. का ते सांगते.

मिठाचं आधी उरकून टाकू. रीफसाठी, म्हणजे प्रवाळाच्या टाकीसाठी, तयार सागरी मीठ मिळतं, तेच घ्यायचं. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागतं. 'खडेमीठ पण समुद्राचंच ना' असं आई म्हणेल, पण मिठागरात मीठ धरतं तेव्हा कॅल्शियम आधीच जिप्सम होऊन खाली बसलेलं असतं आणि मॅग्नेशियम मागच्या कडवट पाण्यात राहून जातं. हातात येतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराईड. लोणच्याला उत्तम, टाकीला निरुपयोगी. मिसळताना आधी पाणी, मग मीठ, आणि पंप चालू ठेवून रात्रभर फिरू द्यायचं. मिठावर पाणी ओतलंस तर चुना फुटून सगळं दुधाळ होतं. खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ यायला हवा, आणि ते यंत्र ३५ च्याच द्रावणावर जुळवून घ्यायचं, नुसत्या गोड्या पाण्यावर नाही.

आता खरी गोष्ट, म्हणजे गोडं पाणी. आपल्या बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा तो पेनसारखा टीडीएस मीटर बुडवून बघ एकदा. समुद्र करायला जे पाणी घ्यायचं त्याचा आकडा त्या मीटरवर शून्य लागतो. शून्य म्हणजे शून्य, तीस-चाळीस नव्हे. स्वयंपाकघरातला आरओ इथे पुरत नाही, कारण चव राहावी म्हणून त्यात थोडं कच्चं पाणी मुद्दाम मिसळलेलं असतं. जारवाल्याच्या पाण्याचंही तेच. आरओच्या पुढे उरलेले क्षार धरणारी डीआय रेझिनची नळी जोडावी लागते, आणि जड पाण्यावर ती नळी भराभर संपते. शिवाय आपल्यासारख्या पाण्यावर एक लिटर चांगलं पाणी काढायला दोन-तीन लिटर फेकलं जातं. तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच अशा टाकीत साधारण १९० लिटर मावतं. म्हणजे ती भरायला चार-सहाशे लिटर पाणी नळीतून बाहेर जाणार. मे महिन्यात, गल्लीत टँकरपुढे घागरी लागलेल्या असताना? शेजारच्या काकू बोलतील आणि त्यांचं काही चुकणार नाही. माझ्या मनालाही ते पटत नाही.

म्हणून म्हणते, पावसावर टाकी लाव. आपली मागची गच्ची दहा बाय वीस फुटांची आहे. दहा मिलिमीटरचा एक पाऊस पडला तर हिशोबाने तिच्यावर १८५ लिटर पाणी उतरतं. इकडेतिकडे गेलेलं धरून दीडशे म्हण. एका चांगल्या सरीत तुझी टाकी जवळजवळ भरली. पहिले दोन पाऊस सोडून दे, गच्चीची धूळ आणि कबुतरांची घाण वाहू दे. मग धुतलेली ताडपत्री पसर, पाणी सिमेंटला न लागता पिंपात घे, आणि कार्बन व डीआयमधून काढ. पावसाच्या पाण्यात क्षार नावालाच असतात, त्यामुळे रेझिन कितीतरी जास्त टिकतं आणि वाया काहीच जात नाही. पिंप प्लॅस्टिकचं घे. आजीचा तो तांब्याचा हंडा चुकूनसुद्धा नको, आणि पितळी तोटीही नको. तांब्याचा अंश आपल्याला गुणकारी असेल, पण गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ यांचा जीव त्याने जातो. आरओ वापरावाच लागला तर फेकपाण्याने फरशी पुस, संडासात टाक, पण रोज तुळशीला घालू नकोस, कुंडीत क्षार साचतात.

जागा देवघराच्या खोलीत नको. अगरबत्ती, मच्छरांची कॉईल, झुरळांचा फवारा यातलं काहीच टाकीजवळ चालत नाही. फवाऱ्यातलं औषध किड्यांसाठी असतं, आणि कोळंबी ही किड्यांचीच लांबची नातलग. वरची पत्र्याची खोलीही नको.

उन्हाची भीती मात्र तुला वाटते त्यापेक्षा थोडी कमी धर. प्रवाळाला २४ ते २७ अंश आवडतं, आणि आपला पारा चाळिशी ओलांडतो. मुंबईतले लोक त्यासाठी महागडा चिलर घेतात, कारण तिथली हवा दमट, पाण्यावर पंखा लावून फारसं काही होत नाही. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी ठणठणीत. टाकीचं झाकण काढून वर जाळी टाक, पृष्ठभागावर दोन छोटे पंखे तिरके लाव, पाणी चार-पाच अंशांनी सहज उतरतं. फक्त त्याच खोलीत कूलर चालवू नकोस. कूलर हवा दमट करतो आणि पंख्याचं काम बिघडवतो. खोली आत असावी, उत्तरेच्या बाजूची, म्हणजे मुळातच गरम होणार नाही. आणि डिसेंबरात हीटर लागणारच, आपल्या रात्री किती उतरतात ते तुला सांगायला नको.

पंख्याचा एक भुर्दंड आहे. दिवसाला दोन-तीन लिटर पाणी उडतं. मीठ उडत नाही, ते मागे राहतं. तीन लिटर उडालं की ३५ चं साडेपस्तीसच्या पुढे जातं, तीन दिवस लग्नाला गेलीस तर ३७. म्हणून भर घालायची ती साध्या शून्य टीडीएसच्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. काचेवर मार्करने रेघ मार आणि अण्णांना दाखवून ठेव. रोज सकाळी रेघेपर्यंत पाणी, बास. त्यांना असलं नेमाचं काम आवडतं.

लाईट जाण्याचं म्हणशील तर दिवे बंद राहिले तरी काही बिघडत नाही. पाणी हलायचं थांबलं की बिघडतं, कारण खाऱ्या, गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो. लाटा करणारा एक पंप इन्व्हर्टरवर टाक, बाकी सगळं बाहेर ठेव. बॅटरीवरचा एक हवेचा पंपही जवळ असू दे.

दगड कोरडा घे, चुनखडीचा किंवा सिरॅमिकचा, पंधरा-वीस किलो. आपल्या समुद्रातून काढलेला 'जिवंत दगड' कुणी देऊ केला तर सरळ नाही म्हण. वाळू अरागोनाईटची. सिंदफणा नदीची नको, ती काळ्या दगडाची असते. आणि तिच्यावरून जिल्ह्यात भांडणं काय कमी आहेत?

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले ते. टाकी भरली, पाणी काचेसारखं, पंप फिरतोय, आणि तुला वाटेल चला, मासे आणू. दीड महिना मासा आणायचा नाही. कारण माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, आणि समुद्राच्या ८.२ पीएचला तो पीएच ७ च्या पाण्यापेक्षा दहापटीहून जास्त विषारी असतो. तो संपवणारे जिवाणू आधी दगडावर वसायला हवेत. एक जात अमोनियाचं नायट्राईट करते, दुसरी नायट्राईटचं नायट्रेट. यात नवं काही नाही गं. अण्णा कपाशीला युरिया टाकतात तेव्हा मातीत हेच होतं. युरियाचा अमोनिया, अमोनियाचं नायट्राईट, त्याचं नायट्रेट, आणि मग पीक ते उचलतं. त्यांना एकदा समजावून सांग, तुझ्यापेक्षा लवकर कळेल. पण म्हणून टाकीत युरिया घालू नकोस हं. त्याचा अमोनिया किती आणि कधी होईल याचा ताळमेळ लागत नाही.

घालायचं ते अमोनियम क्लोराईड. हाच आपला कल्हईवाल्याचा नवसागर, पण बाजारातल्या नवसागरात काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. शिवाय हातभट्टीवाल्यांच्या कृपेने किराणा दुकानात नवसागर मागितला की दुकानदार वरून खाली बघतो. कॉलेजला रसायनं पुरवणाऱ्या दुकानातून प्रयोगशाळेचं शुद्ध घे, छोटी बाटली पुष्कळ होते. शंभर लिटरला साधारण ०.६ ग्रॅम घातलं की चाचणीत अमोनिया २ च्या आसपास दाखवतो. जास्त घालायची हौस नको. फार अमोनियात जिवाणूच अडखळतात. सोनाराच्या काट्यासारखा एक छोटा वजनकाटा मिळतो, तो घे.

मग बघत राहायचं. चाचणीची नळी पिवळी असेल तर अमोनिया नाही, हिरवी होत गेली की आहे. पहिला आठवडा ती हिरवीच राहील आणि तुला वाटेल काही होतच नाही. साधारण दुसऱ्या आठवड्यात हिरवा उतरायला लागतो आणि दुसऱ्या नळीत, नायट्राईटच्या, जांभळा चढायला लागतो. तो जांभळा लवकर हलत नाही. ती दुसरी जात फार सावकाश वाढते, आणि माणसं नेमकी इथेच धीर सोडतात. पाणी बदलतात, दगड धुतात, कुणीतरी सांगितलं म्हणून आणखी एक बाटली ओततात. तू काही करू नकोस. दिवे बंद ठेव, नाहीतर शेवाळ आधी येतं. पाणी २६-२७ अंशांवर ठेव, भर घाल, दोन दिवसांआड नळ्या बघ आणि वहीत तारखेसकट लिही. जिवाणूंची बाटली टाकायला माझी ना नाही, विरजणासारखी ती काम लवकर सुरू करते. पण मे महिन्यात ट्रॅव्हल्सच्या डिकीत तापून आलेली बाटली जिवंत असेल याची खात्री कोण देणार? पावसाळ्याचा हा आणखी एक फायदा.

चार ते सहा आठवड्यांनी एक दिवस असा येतो की पुन्हा २ इतका अमोनिया घातलास आणि चोवीस तासांत दोन्ही नळ्या कोऱ्या. तेव्हा तुझी टाकी तयार. एवढ्यात नायट्रेट चढलेलं असतं, म्हणून अर्धं पाणी बदलून टाक. जाणकार सांगतील की खाऱ्या पाण्यात नायट्राईट माशाला फारसं बाधत नाही, क्लोराईड त्याला आत शिरू देत नाही. खरं आहे ते. तरी ते शून्यावर आल्याशिवाय पुढे जाऊ नको, कारण आपण त्यावरून दुसरी जात वसली की नाही ते ओळखतो.

यानंतर टाकी कुरूप होणार. दगडावर तपकिरी साय, मग हिरवे केस. घरात येणारा प्रत्येक जण विचारेल, 'हे काय, घाणच आहे की!' त्यांना चहा दे. ब्रशने घासू नकोस, औषध ओतू नकोस. चार-पाच गोगलगायी आण, त्या चरतील.

मासा पहिला म्हणजे क्लाऊनफिशची जोडी, तीही पैदास केंद्रातली, समुद्रातून पकडलेली नव्हे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास जमवून बरीच वर्षं झाली. एक मोठा आणि एक लहान घे. सगळे जन्मतः नर असतात, दोघांत जो वरचढ तो मादी होतो, त्यामुळे जोडी आपोआप जमते. पार्सल मुंबईहून रात्रभराच्या गाडीने येईल. पिशवीत तेवढ्या वेळात अमोनिया साचतो, पण श्वासाने पाणी आम्लट झालेलं असतं म्हणून तो बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडून पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून उघडलेल्या पिशवीत तासन्‌तास थेंब थेंब पाणी सोडत बसायचं नाही. दुकानदाराला त्याचा खारेपणा आधी विचार, तेवढंच पाणी वेगळ्या बादलीत तयार ठेव, बंद पिशवी वीस मिनिटं तरंगव आणि मासा जाळीने त्या बादलीत घे. पिशवीतलं पाणी टाकीत नाही. ॲनिमोन मात्र पहिलं वर्षभर मागूही नकोस, त्याला जुनी, मुरलेली टाकी लागते.

आणि प्रवाळ. रागावू नकोस, पण हे सगळ्यात शेवटी. खडक बांधणारे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. समुद्री घोडेही त्यातच. आपल्या समुद्रातून तोडलेला तुकडा कुणी 'फ्रॅग' म्हणून प्लॅस्टिकच्या डबीत विकत असेल तर तो गुन्हा आहे, विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचाही. परदेशातून आलेल्या प्रवाळालाही आयातीचे कागद लागतात. ते दाखव म्हटल्यावर जो दुकानदार 'मॅडम, सगळे असंच घेतात' म्हणेल, त्याच्याकडून मीठसुद्धा घेऊ नकोस. पहिलं वर्ष दगड, गोगलगायी, दोन मासे एवढ्यावर काढ. तोवर जमलं तर मालवणला जाऊन ये. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात खरे प्रवाळ बघायला मिळतात.  तो तपकिरी, ओबडधोबड, जिवंत गोळा एकदा पाण्यात बघितलास की इंटरनेटवरचे निळ्या दिव्याखालचे फोटो आपोआप खोटे वाटायला लागतील, आणि काय घ्यायचं याचं डोकंही ठिकाणावर येईल.

सध्या मे आहे तर काच आणि स्टँड तेवढं करून घे. भरल्यावर सगळं मिळून पावणेतीनशे किलोच्या घरात जाईल, तेव्हा सुताराच्या साध्या प्लायवर भागणार नाही, खारं पाणी शिंपडून ते फुगतं. लोखंडी अँगलचा स्टँड कर, दोन हात इपॉक्सीचे मार, भिंतीलगत ठेव आणि गवंड्याची लेव्हल लावून चारी बाजू बघ. मग मला फोटो पाठव, लेव्हलमधला बुडबुडा दिसेल असा.