उन्हाळा आणि अंगावरचे मूल

बेंगळूर सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले असले, तरी एप्रिलमध्ये तेथेही ऊन चांगलेच तापते. १९४८ पासून वसत गेलेल्या जयनगरातील एखादे मराठी कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. शाळांना सुटी लागलेली, घरात पाहुणे, चौथ्या ब्लॉकच्या बाजारात रोजच्या खेपा, आणि पाळण्यात चार महिन्यांचे मूल. ते किरकिर करू लागले की आजी म्हणते, "सूनबाई, घसा सुकला असेल त्याचा, दोन चमचे पाणी पाज." माया खरी, उपाय मात्र चुकीचा. आईच्या दुधात ८० टक्क्यांहून अधिक पाणीच असते. म्हणून सहा महिन्यांपर्यंत, भर उन्हाळ्यातही, अंगावर पिणाऱ्या मुलाला वेगळे पाणी लागत नाही. उलट पाण्याने पोट भरले की ते दूध कमी पिते. पाणी अशुद्ध असल्यास अतिसाराचे भय असते. धावपळीच्या आठवड्यात खरी हयगय होते ती पाजण्याची. उन्हाळ्यात मुलाला अधिक वेळा पाजावे. चोवीस तासांत निदान सहा लंगोट ओले झाले, तर दूध पुरते असे समजावे. लंगोट कोरडे राहिले, टाळू खोल गेली किंवा मूल मलूल झाले, तर सर्व कामे बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. आजीने पाण्याचा पेला द्यावा तो सुनेच्या हाती.