शेवटचा अंक

सातारा, १२ ऑगस्ट

चि. सोनूस,


तुझं पत्र दोनदा वाचलं. बरोबरच्या मुलींपैकी एक जनुकांच्या प्रयोगशाळेत गेली, दुसरी आतड्यातल्या जंतूंवर काम करते, आणि शरीरक्रियाशास्त्रात एमडी करून तू मात्र गावोगाव तान्ह्या बाळांची वजनं घेत फिरतेस. "हे तर गावातली आशाताईसुद्धा करते, मावशी," असं लिहिलंयस. सोडायचं की राहायचं ते तूच ठरव. पण ज्या कारणाने सोडायला निघालीस ते मला पटत नाही, आणि तसं स्पष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

इंग्लंडात हर्टफर्डशर नावाचा परगणा आहे. १९११ पासून तिथल्या सुईणी आणि आरोग्यसेविका बाळाचं जन्माचं वजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन वहीत लिहून ठेवत. त्यांना कुणी संशोधक म्हटलं नाही. पुढे साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांच्या हाती त्या वह्या आल्या. १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या साडेपाच हजारांवर पुरुषांचं पुढे काय झालं ते त्यांच्या गटाने शोधून काढलं आणि १९८९ साली छापलं. लहानपणी ज्यांचं वजन सर्वांत कमी, ते हृदयविकाराने जास्त मेले होते. मोठेपणीच्या आजाराची मुळं आईच्या पोटात शोधायची, हे तुझ्या आजच्या कामाचं क्षेत्र बरंचसं त्या वह्यांवर उभं राहिलं. एखादीने कंटाळून अंदाजे आकडा टाकला असता तर?

आता आपल्याकडचं बघ. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांची नोंद सुरू केली, तीही दिवस जाण्याआधीपासून. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. एवढ्यावर थांबले असते तर "आपली बाळं अशक्त" हे जुनंच वाक्य पुन्हा लिहून झालं असतं. पण त्यांच्या माणसांनी टेप लावली, चिमट्याने कातडीची घडी मोजली. दंड बारीक, पोटाचा घेर कमी. पाठीवर खांद्याच्या फऱ्याखालची घडी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. म्हणजे बाळाने स्नायू सोडले आणि चरबी राखली. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचं असं हे आपलं मूल, आणि पुढे चाळिशीच्या आत मधुमेह घेऊन दवाखान्यात येणारा आपला सडपातळ माणूस, यांचं नातं तिथे दिसू लागलं. वजनकाट्याला हे कधीच कळलं नसतं. कळलं ते चिमट्याला, आणि तो चिमटा दर वेळी त्याच जागी, तसाच धरणाऱ्या हाताला.

त्याच याज्ञिकांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो छापला होता. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. तो फोटो मी वर्गात दरवर्षी दाखवत असे. पाठ्यपुस्तकातलं 'नॉर्मल' कुणाच्या अंगावर मोजलेलं आहे हे विचारायची सवय मुलांना लागावी, एवढाच हेतू. तूही विचारत जा. यंत्रालाही विचार. बोटाला लावून ऑक्सिजन दाखवणारी डबी काळ्या कातडीच्या रुग्णांत गोऱ्यांच्या तुलनेत धोक्याची घसरण जवळजवळ तिप्पट वेळा चुकवते, हे ठळकपणे समोर यायला २०२० साल उजाडावं लागलं. त्याआधी कित्येक वर्षं ती सगळ्या जगात वापरात होती.

एक माझं सांगते. प्रबंधासाठी मी दोनशेवर लोकांचा रक्तदाब घेतला होता. लिहून झाल्यावर एका रात्री सहज शेवटचे अंक मोजत बसले, तर निम्म्याहून जास्त आकड्यांच्या शेवटी शून्य. १२०, ११०, १३०. पारा दोन-दोनच्या खुणांनी उतरतो, माणसांचे दाब असे शून्यावर येऊन थांबत नाहीत. ते शून्य माझ्या घाईने लिहिलं होतं. मी पुन्हा मोजायला गेले नाही, प्रबंध तसाच दिला. आजही ते मनाला लागून आहे, म्हणून तुला सांगते.

दुसरी गोष्ट आयांबद्दल. तुझ्या पत्रात "या बायका नीट खातच नाहीत" असं एक वाक्य आहे. ते काढून टाक, मनातूनसुद्धा. त्या सहा गावांत आईने एकूण किती खाल्लं याच्याशी बाळाच्या वजनाचा फारसा संबंध दिसला नाही. पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा मिळालं याच्याशी दिसला. आणि दिवसभराच्या कष्टांशीही दिसला. पाणी भरणं, शेतातलं काम. दूध डेअरीला जातं की घरात राहतं, हंडा कोण आणतं, हे ती एकटी ठरवत नाही. तिच्या ताटाकडे बोट दाखवण्याआधी विहीर किती लांब आहे ते चालून बघ.

आणि निष्कर्षावरून सल्ल्याकडे उडी मारू नकोस. तिथल्या दोन तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. ज्यांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला कमी दाद देत होतं. हे २००८ मध्ये छापून आलं. "मग फोलेट वाढवणारी फॉलिक ॲसिडची गोळी बंदच करा" असं मला एका हुशार डॉक्टरने ऐकवलं. त्या गोळीने बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूचे दोष टळतात हे १९९१ च्या मोठ्या चाचणीने पक्कं झालेलं आहे. ती बंद करून कसं चालेल? याज्ञिकांच्या गटाने वाट धरली ती कष्टाची. १९९३ च्या नोंदीतल्या आयांची मुलं वयात आली, तेव्हा २०१२ पासून त्यांनाच रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन चाचणी सुरू केली, म्हणजे पुढच्या पिढीचं बाळ पोटात येण्याआधी. पेरणी आणि मळणी यांत वीस-पंचवीस वर्षं. तुला या कामात तीन महिने झालेत.

जनुकांच्या प्रयोगशाळेत जायचं असेल तर पुढे जरूर जा, मीच शिफारसपत्र लिहीन. तिथेही नळीतल्या रक्तावर कुणीतरी गावात जाऊन चिठ्ठी लावलेली असेल. ती चिठ्ठी बरोबर आहे की नाही हे ओळखणारी तू असशील.

आशाताईंशी नीट वाग. कोणत्या घरी सून माहेरी गेलीय, कुठे बाळ गेलं आणि अजून कुणी बोलत नाही, हे त्यांनाच ठाऊक असतं.

दिवाळीला येशील तेव्हा गाइडना विचारून तुझ्या वहीतल्या नुसत्या मापांची प्रत आण, नावं-गावं वगळून. फराळाचं झालं की आपण दोघी बसून शेवटचे अंक मोजू.

तुझी,
मावशी