फिजीला व्हिसा लागत नाही, पण वाटेत लागतो

भारतीय पासपोर्टवर फिजीला जायला व्हिसा लागत नाही. हे अगदी खरं आहे. तरीही एवढ्या एका वाक्यावर तिकीट काढू नका, असं मी आता तिकडे निघालेल्या प्रत्येकाला सांगते. विशेषतः मुलांकडे जाणाऱ्या, वय झालेल्या आईवडिलांना.

माझी भाची फिजीत सुवाला नोकरी करते. तिच्या पहिल्या बाळंतपणासाठी ताई जायला निघाली आणि सोबत म्हणून मी. तिकीट एका एजंटाकडून काढलं होतं. मुंबईहून निघायचं, सिडनीत विमान बदलायचं आणि पुढे फिजीतल्या नांदी विमानतळावर उतरायचं. ‘व्हिसा फ्री आहे, काही काळजी करू नका,’ असं त्याने दोनदोनदा सांगितलं होतं. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट चाळले आणि विचारलं, ‘ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा?’ ताई म्हणाली, ‘आम्ही ऑस्ट्रेलियात उतरणारच नाही आहोत, नुसतं विमान बदलायचंय.’ ती मुलगी मऊ आवाजात म्हणाली, ‘काकू, तरीही लागतो.’ बोर्डिंग पास मिळाले नाहीत. सामान घेऊन आम्ही पहाटे घरी परतलो. नवी तिकिटं सिंगापूरमार्गे मिळेपर्यंत भाचीचं बाळंतपण होऊन गेलं होतं. लेकीच्या त्या घटकेला आपण जवळ नव्हतो, ही ताईची रुखरुख आजही गेलेली नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

फिजी म्हणजे प्रशांत महासागरातली तीनशेहून अधिक बेटं, घड्याळ आपल्यापुढे साडेसहा तास. तिथे जाताना सिडनी, ऑकलंड, हाँगकाँग, सिंगापूर अशा कुठल्या तरी शहरात विमान बदलावं लागतं. फिजीने तुम्हाला व्हिसा माफ केला म्हणजे या मधल्या देशांनी केला असं होत नाही. ऑस्ट्रेलियात भारतीय प्रवाशाने विमानतळाबाहेर पाऊलही टाकलं नाही तरी ट्रान्झिट व्हिसा लागतो. उपवर्ग 771, कमाल 72 तास. त्याला शुल्क नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. फुकट आणि घरबसल्या मिळणाऱ्या कागदासाठी आमची वारी अडली, हे मला फार लागलं. ऑस्ट्रेलियाचा दुसरा चालू व्हिसा हातात असेल तर हा वेगळा काढावा लागत नाही. ऑकलंडमार्गे जाणाऱ्यांना न्यूझीलंडचा ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि त्याला पैसे पडतात.

सिंगापूर आणि हाँगकाँग इथे विमानतळाच्या आतल्या आत विमान बदललं तर भारतीयांना व्हिसा लागत नाही. मात्र संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर हवा. स्वस्त पडतं म्हणून मुंबई–सिंगापूर एक आणि सिंगापूर–नांदी दुसरं अशी दोन सुटी तिकिटं काढली, तर बॅगा पुढच्या विमानात आपोआप जातीलच असं नाही. त्या सोडवायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागलं, की तुम्ही त्या देशात प्रवेश करता आणि मग सिंगापूरचा व्हिसा आलाच. हाँगकाँगला बाहेर पडायचं तर भारतीयांना 2017 पासून आगाऊ ऑनलाइन नोंदणी करावी लागते. तिकीट काढतानाच विचारा, ‘बॅगा थेट नांदीपर्यंत टॅग होतील का?’ वाचलेल्या चार पैशांपेक्षा हे उत्तर मोलाचं आहे.

काउंटरवरच्या त्या मुलीचा मला राग आला नाही. योग्य कागद नसलेला प्रवासी नेला, तर त्याला परत आणण्याचा भार विमान कंपनीवर पडतो, शिवाय बहुतेक देश दंडही करतात. म्हणून हे कर्मचारी ‘टिमॅटिक’ नावाच्या यंत्रणेत तुमचा पासपोर्ट, मार्ग आणि मुक्काम घालून नियम पाहतात. एजंटाचा शब्द तिथे चालत नाही. फिजीची पहिली तपासणी खरं तर मुंबईतच होते, तेव्हा सगळे कागद मोबाइलवर न ठेवता छापून हातातल्या पिशवीत ठेवा.

पासपोर्टची मुदत प्रवासानंतरही किमान 6 महिने हवी. परतीचं किंवा पुढच्या देशाचं पक्कं तिकीट हवं. ‘परतीचं तिथे गेल्यावर पाहू’ हा आपल्याकडच्या आईवडिलांचा आवडता बेत इथे चालत नाही. खर्चापुरते पैसे आहेत याचा पुरावा हवा. हॉटेलात राहणार नसाल तर ज्यांच्याकडे उतरणार त्यांचं पत्र, पत्ता, फोन आणि त्यांच्या तिथल्या परवान्याची प्रत घ्या. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून येत असाल तर लशीचा दाखलाही लागतो. आफ्रिकेतून परस्पर जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. इतकं नीट असलं की नांदीला अधिकारी दोन प्रश्न विचारतो आणि 120 दिवसांपर्यंतचा शिक्का मारतो. या शिक्क्यावर नोकरी करता येत नाही. मुक्काम लांबणार असेल तर मुदत संपण्याआधी अर्ज करून आणि शुल्क भरून ती वाढवून घ्यावी लागते.

आता बाळंतिणीच्या खाऊबद्दल. फिजीची जैवसुरक्षा तपासणी कडक आहे, आणि ते रास्तच आहे. बेटावर बाहेरची कीड किंवा रोग शिरला तर ऊस आणि नारळावर जगणाऱ्या माणसांनी जायचं कुठे? बिया, ताजी फळं, मध, दुधातुपाचे पदार्थ, मांस, लाकडी वस्तू यांवर तिथे करडी नजर असते. हळीव आणि बाळंतशोपा या शेवटी बियाच! ताईने त्या नेल्या होत्या, पण आगमनाच्या अर्जात लिहूनही दिल्या होत्या. त्या तिथेच राहिल्या, दंड मात्र झाला नाही. जे नेत असाल ते अर्जात सांगा, लपवलंत तर दंड होतो. आणि डिंकाच्या लाडवांसाठी जीव टाकायचं कारण नाही. 1879 पासून ऊसमळ्यांवर कराराने (गिरमिटात) नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज आज तिथल्या लोकसंख्येचा सुमारे एक तृतीयांश भाग आहेत. डाळी, कणीक, तूप, मसाले सुवाच्या बाजारात सहज मिळतात.

ही अडचण एकट्या फिजीची नाही. मायक्रोनेशियात 30 दिवसांपर्यंत कुठल्याच देशाच्या पर्यटकाला व्हिसा लागत नाही, पण तिथली नेहमीची विमानं ग्वाम किंवा होनोलुलूहून जातात. ही अमेरिकेची भूमी. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. सेशेल्स सगळ्या जगाला व्हिसामुक्त आहे, तरी निघण्याआधी ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यावीच लागते. नियम बदलतातही, म्हणून तिकिटाचे पैसे भरण्याआधी फिजीच्या इमिग्रेशन विभागाची माहिती आणि मधल्या प्रत्येक देशाची माहिती त्या त्या सरकारकडूनच पाहा. शंका राहिली तर फिजीचं उच्चायुक्तालय नवी दिल्लीत आहे.

आणखी एक, परतीचं. सिडनीमार्गे जाणार असाल तर येतानाही तीच वाट असते. ट्रान्झिट व्हिसाच्या मंजुरीपत्रात तो कधीपर्यंत आणि किती वेळा वापरता येईल हे लिहिलेलं असतं, ते निघण्याआधी वाचा. चार महिने नातवात रमून परत निघताना तो संपलेला असेल, तर नव्या व्हिसाचा अर्ज सुवात असतानाच, परतीच्या तारखेच्या बऱ्याच आधी करावा लागेल.