‘पाराकालो’ : एका ग्रीक शब्दाचा अभ्यास

ग्रीस देशात आज कोणी दुकानी पाव मागो की परक्यास वाट विचारो, त्याच्या तोंडी ‘पाराकालो’ हा शब्द हटकून येतो. उच्चारात जोर शेवटच्या ‘लो’वर असतो.

व्युत्पत्ती. ‘पारा’ म्हणजे जवळ व ‘कालो’ म्हणजे मी बोलावितो. म्हणून मूळ अर्थ ‘मी जवळ बोलावितो’ असा होय.

व्याकरण. हे क्रियापद वर्तमानकाळी, प्रथमपुरुषी, एकवचनी आहे. अंत्य ‘ओ’मध्येच ‘मी’ आला. आपल्यात पुरुष ‘विनवितो’ व स्त्री ‘विनविते’ म्हणते. ग्रीकात हा लिंगभेद नाही. ज्यास विनवावयाचे तो कर्म होतो. सलगीच्या माणसास ‘से पाराकालो’, तुला विनवितो. पुष्कळांस किंवा मान देऊन एकास ‘सास पाराकालो’, आपणांस विनवितो. भूतकाळी ‘पाराकालेसा’, मी विनविले.

उपयोग. (१) मागताना ‘कृपा करून’ ह्या अर्थी. (२) कोणी आभार मानिले तर उत्तरादाखल. आपण तेथे ‘त्यात काय एवढे’ म्हणतो. (३) टेलिफोन उचलताना. (४) ऐकू न आल्यास, प्रश्नाच्या सुरात.

शास्त्रात. रोमकरांस पत्र १२:१ येथे पौल हाच शब्द ह्याच रूपात योजितो, व तेथे अर्थ विनंतीचाच आहे. परंतु मत्तय ५:४ येथे शोक करणाऱ्यांविषयी हेच क्रियापद कर्मणि भविष्यकाळी आले आहे, आणि तेथे अर्थ सांत्वनाचा आहे. योहान १४:१६ येथील ‘कैवारी’ हा शब्दही मुळात ह्याच धातूपासून झाला. आजच्या बोलण्यात सांत्वनाचा अर्थ ह्या क्रियापदाकडे राहिला नाही. त्यासाठी ‘पारिगोरो’ म्हणतात. तेव्हा आजचा अर्थ घेऊन मत्तय वाचणारा फसेल. शोक करणाऱ्यांस विनंत्या मिळतील, असे तो समजेल!

ही चूक मी प्रत्यक्ष केली आहे. एका घरी लेकरू गेले होते. मी बसताच धीर धरा, रडू नका, प्रार्थना करा, अशा विनंत्यांची रास घातली. आई मान खाली घालून ऐकत राहिली. इतक्यात मंडळीतील एक वृद्ध बाई आल्या. त्यांनी शब्दही न बोलता तिला जवळ ओढून घेतले, तेव्हा कोठे ती रडली. ग्रीकाचे एक अक्षर न शिकता त्या बाईंस ह्या शब्दाचा मूळ अर्थ ठाऊक होता.