मशीन घेण्याआधी पाटी वाचा: व्होल्ट, अँपिअर आणि वॅट

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाने कर्ज काढून मिरची कांडप मशीन घेतलं. महिन्याभरात आजूबाजूच्या वाड्यांतून मिरची यायला लागली. आणि एका संध्याकाळी मोटर घूं घूं करत मंदावली, जळका वास आला, मशीन बंद. दुकानदार म्हणाला, "तुमच्याकडची लाईट खराब." वायरमन म्हणाला, "तुमची वायर बारीक." दोघंही खरंच बोलत होते, पण मशीन घ्यायच्या आधी हे कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. वाइंडिंगचे पैसे गटाच्या बचतीतून गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी तीन शब्द समजून घेऊ. गावातली पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर. विजेचा असा जोर म्हणजे व्होल्ट. पाईपातून किती पाणी वाहतंय, तसं तारेतून किती वीज वाहते ते अँपिअर. आणि जोर व वाहणं मिळून कामाचा जो वेग येतो, तो वॅट. हिशेब गुणाकाराचा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट.

आपल्या घरात लाईट २३० व्होल्टची धरतात. मग १००० वॅटची इस्त्री किती अँपिअर घेते? १००० भागिले २३०, म्हणजे साधारण ४.३. पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड घेतो ६.५. आता बोर्डाकडे बघा. लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं, मोठं १६ चं. म्हणजे तो रॉड लहान सॉकेटमध्ये लावायचाच नाही. लावला तर चालतो, पण प्लग गरम होतो, पिवळा पडतो. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, कारण मात्र माहीत नसतं.

मोटरचं गणित थोडं वेगळं. पाटीवर एचपी लिहिलेलं असतं आणि १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. पण हे मोटरने बाहेर दिलेलं काम. आत ती त्यापेक्षा जास्त वीज घेते, काही उष्णतेत जाते. त्यामुळे एचपीवरून अँपिअर काढत बसू नका, पाटीवर अँपिअरचा आकडा छापलेला असतो तोच धरा. आमचं मशीन २ एचपीचं, पाटीवर ११ अँपिअर. आणि आम्ही ते लावलं होतं घरातल्या लहान बोर्डावर! सुरू होताना तर मोटर क्षणभर याच्या कितीतरी पट करंट ओढते.

आता मोटर का जळली ते ऐका. संध्याकाळी सगळ्यांच्या घरी दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू. आमचं घर डीपीपासून शेवटचं. शेवटच्या नळाला जसं पाणी बारीक येतं, तसं आमच्याकडे व्होल्टेज १८० वर यायचं. इस्त्रीला त्याने फक्त वेळ जास्त लागतो, ती कमी तापते. पण मोटरवर मिरचीचा भार तेवढाच असतो. जोर कमी पडला की तेवढंच काम करायला ती करंट जास्त ओढते: ११ च्या जागी १४ च्या आसपास. आणि तारेची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. ११ चे १४ झाले तरी आतली उष्णता दीडपटीहून जास्त होते. वाइंडिंगवरचा मुलामा वितळतो, तोच तो वास.

पूर्वी व्होल्टेज उतरलं की पिवळा बल्ब मंद व्हायचा, लगेच कळायचं. आता एलईडी कमी व्होल्टेजवरही लख्ख जळतो, म्हणून आपण फसतो. पंखा मंदावला का ते बघा.

त्यात भर आमच्या वायरीची. घरापासून शेडपर्यंत १०० फूट, १ चौरस मिलिमीटरची बारीक तार. ११ अँपिअर वाहताना त्या तारेतच ११-१२ व्होल्ट खर्च होतात आणि जुन्या १०० वॅटच्या बल्बपेक्षा जास्त उष्णता वायरीत मुरते. तीच तार २.५ ची घेतली असती तर साडेचार-पाच व्होल्टच गेले असते. वायर घेताना आम्ही पैसे वाचवले, ते असे.

काही जणी म्हणतील, स्टॅबिलायझर लावा की. लावा, पण तो नवीन वीज तयार करत नाही. तो जोर वाढवून देतो आणि त्याबदल्यात मागच्या तारेतून करंट जास्त ओढतो. म्हणून जाड तार त्यालाही लागतेच. आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार गुंडाळू नका, मग फ्यूजच्या जागी मोटर किंवा घर जळतं.

आम्ही आता वेगळी जाड वायर, १६ अँपिअरचं सॉकेट आणि अर्थिंग वायरमनकडून करून घेतलंय. बोर्डावर छोटा व्होल्टमीटर लावलाय. काटा २०० च्या खाली गेला की मशीन बंद, हा नियम ठरावात लिहिलाय. कांडप सकाळी १० ते २ चालतं. संध्याकाळी मिरची घेऊन आलेल्या बाईला "उद्या या" म्हणावं लागतं. एक-दोन गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली, पण मोटर टिकली आहे.

नवीन मशीन बघायला जाल तेव्हा पाटीचा फोटो घ्या, वीजबिलावरचा 'मंजूर भार' बघा आणि दोन्ही घेऊन आधी वायरमनला गाठा. बयाणा नंतर.